केंब्रिजची सफर: जुने संगणक, पिक्चर ट्यूब आणि सरकणारी पट्टी

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून केंब्रिजला जलद गाडीने तासाभराच्या आत पोहोचता येतं. सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी हे संग्रहालय मात्र गावाच्या देखण्या भागात नाही. ते कोल्डहॅम्स रोडवर, गोदामवजा इमारतीत आहे. स्टेशनापासून पायी अर्धा तास धरा आणि उघडं असण्याचे वार आधी बघून घ्या. इथली बरीच यंत्रं चालू असतात, हाताळताही येतात. चित्रपटात जुन्या संगणकाचा पडदा कसा टिपत असतील हे तपासायला याहून सोयीची जागा नाही. पिक्चर ट्यूबवालेच पडदे निवडा, चित्रीकरणात पडद्यावर पट्टी सरकत राहण्याचा खेळ सपाट पडद्यावर दिसत नाही.

पिक्चर ट्यूबवर चित्र एकदम उमटत नाही. किरण वरून खाली ओळीओळीने ते रंगवत जातो. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाच्या युरोपीय आवृत्तीत हे सेकंदाला ५०.१२५ वेळा होतं, तशाच झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये ५०.०८ वेळा. आता चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर, शटर १८० अंशांवर (म्हणजे फ्रेमच्या अर्ध्या वेळापुरतं उघडं) ठेवा. प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद प्रकाश मिळतो, म्हणजे पडद्याच्या एका फेरीपेक्षा थोडा जास्त. तेवढा भाग दोनदा टिपला जातो. उंचीच्या सुमारे ४ टक्के रुंदीची उजळ पट्टी दिसते आणि ती सेकंदाला दोनदा पडदाभर सरकते. शटर १/१०० केलं तर अर्धा पडदाच काळा.

कॅमेरा २५ फ्रेम आणि १/५० वर आणला की पट्टी एका ओळीपेक्षाही बारीक होते. कमोडोरवर ती ८ सेकंदांत पडदा ओलांडते, स्पेक्ट्रमवर साडेबारा सेकंदांत. छोटा शॉट त्यात सहज निघतो. मोबाइलवर करून बघायचं तर मॅन्युअल मोड हवाच, ऑटोवर सगळं ३० फ्रेमला जातं आणि पडदा लुकलुकतो. पण २५ने टिपलेली फिल्म थिएटरात २४ने चालली की ४ टक्के संथ होते आणि आवाजही तेवढाच खाली उतरतो.

बीबीसी मायक्रो हा घरगुती संगणक या बाबतीत शहाणा. इंटरलेस (एका फेरीत एकाआड एक ओळी रंगवण्याची रीत) चालू असताना त्याच्या फेरीला ३१२.५ ओळी होतात आणि वेग बरोबर ५० येतो. 'स्टार टीव्ही ०,१' या आज्ञेने (स्टार म्हणजे * ही खूण, आपल्या केबलवाल्या स्टारशी संबंध नाही) इंटरलेस बंद होतो, पण त्यानंतर मोड (पडद्याच्या मांडणीचा प्रकार) बदलल्यावरच. चित्रीकरणासाठी तो चालूच ठेवावा. मोड ७ मध्ये तो या आज्ञेने बंद होतच नाही.

दुसरा मार्ग म्हणजे एकेक फ्रेम थांबून टिपणं. १९८३च्या 'वॉरगेम्स' या चित्रपटातल्या भव्य पडद्यांवरची चित्रं एचपी ९८४५सी या टेबलावरच्या संगणकावर तयार करून फिल्मवर उतरवली होती. हे यंत्र घरगुती नव्हे, पण तत्त्व तेच. एका फ्रेमला सेकंदभर प्रकाश दिला तर पडद्याच्या पन्नासेक फेऱ्या एकावर एक बसतात. एखादी फेरी कमीजास्त झाली तरी फरक २ टक्क्यांचा. ही रीत मला सगळ्यात निर्धोक वाटते, फक्त वेळ फार खाते.

अमिगा या संगणकाने तर प्रश्नच उलटा केला. त्याच्या २३ पिनांच्या व्हिडिओ पोर्टवर बाहेरचं घड्याळ देता येतं. जेनलॉक (दोन व्हिडिओंचा ताल जुळवणारं उपकरण) जोडला की अख्खा संगणक बाहेरच्या व्हिडिओच्या तालावर चालतो आणि रंग क्रमांक शून्य पारदर्शक होऊन मागचं चित्र दिसतं. त्यामुळेच १९९०च्या व्हिडिओ टोस्टर या व्हिडिओनिर्मितीच्या कार्डाला हे यंत्र लाभलं, आणि १९९३च्या 'बॅबिलॉन ५' या टीव्ही मालिकेच्या पायलट भागातली अंतराळयानं त्याच जोडीवर तयार झाली. टोस्टर मात्र फक्त अमेरिकी टीव्हीच्या एनटीएससी पद्धतीवर चालायचा. पॅल ही वेगळी टीव्ही पद्धत वापरणाऱ्या ब्रिटन किंवा भारतासारख्या देशांत तो थेट वापरता येत नसे.