उणे तीसमधले पोर्क चॉप्स

माझं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे मटण कसं शिजवायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही असा लग्नापर्यंत माझा ठाम समज होता. सासर मिळालं मडगावचं, कॅथलिक, आणि संसार थाटला शिकागोजवळ. म्हणजे तांबडा-पांढरा एका बाजूला, रेशाद मसाला (गोव्याचा मिरची-व्हिनेगरचा लाल मसाला) दुसऱ्या बाजूला आणि खिडकीबाहेर पाच महिने बर्फ. पोर्क मी लग्नानंतर खायला लागले, आवडलंही लगेच, पण चॉप्स, म्हणजे पाठीकडचे आडवे कापलेले तुकडे, मात्र तीन-चार वर्षं मला जमले नाहीत म्हणजे नाहीतच. नवरा बिचारा खायचा, चावत बसायचा, "टेस्ट मस्त आहे हां" म्हणायचा, आणि त्या "टेस्ट"वर दिलेला जोर मला बरोबर कळायचा. चप्पल होती ती, रेशाद लावलेली चप्पल.

जमले ते जानेवारी २०१९ मध्ये. ज्यांनी तो आठवडा इथे काढलाय त्यांना आठवत असेल. ३० तारखेला सकाळी उणे ३० सेल्सियस, वारा धरला तर त्याच्याही खूप खाली, शाळा दोन दिवस बंद, टपाल बंद, आणि लोकल रेल्वेचे सांधे गोठू नयेत म्हणून रुळांशेजारी चक्क ज्वाळा पेटवलेल्या. दोन्ही पोरं घरात, नवरा घरात, आणि फ्रीजमध्ये सहा चॉप्स, जे मी रविवारी आणले होते आणि नेहमीप्रमाणे "बघू" म्हणून ठेवले होते. म्हटलं आज हे झालेच पाहिजेत.

मसाला सासूबाईंचा. १२ काश्मिरी मिरच्या (डेव्हन अव्हेन्यू या शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावरून आणते, तिथे सगळं मिळतं), चमचाभर जिरं, १०-१२ मिरी, ४ लवंगा, बोटभर दालचिनी, ८-१० लसूण पाकळ्या, इंचभर आलं, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच, चमचाभर साखर, आणि हे सगळं वाटायचं व्हिनेगरमध्ये, पाण्याचा थेंब नाही. गोव्यात व्हिनेगर माडाच्या सुरेचं असतं. इथे मी बरीच वर्षं साधं पांढरं वापरत होते आणि चव नुसतीच टोचायची. मग एका फिलिपिनो दुकानात सुकांग तुबा नावाची बाटली दिसली, तेही माडाच्याच सुरेचं, वास घेतला आणि नवऱ्याला फोन लावला की अरे तुझं मडगाव इथे दोन डॉलरला मिळतंय.

तर मसाला कधीच चुकत नव्हता. चुकत होतं माझं डोकं. आमच्याकडे नियम काय, मटण जेवढं जास्त शिजेल तेवढं मऊ. सासूबाईंचं विंदालू, म्हणजे पोर्कचा आंबट-तिखट रस्सा, तेही तसंच, चरबीचे तुकडे मंद आचेवर रटरटत ठेवायचे, दुसऱ्या दिवशी आणखी छान लागतं. म्हणून चॉप कडक झाला की मी पुढच्या वेळी दहा मिनिटं जास्त शिजवायचे, तो आणखी कडक व्हायचा, मग मी वीस मिनिटं. हसू नका. खांद्याच्या मासात ज्या शिरा-पडदे असतात ते हळूहळू विरघळतात म्हणून ते मऊ पडतं, चॉप येतो पाठीच्या कण्याजवळून, तिथे विरघळायला काही नसतंच, फक्त पाणी असतं आणि ते निघून जातं. हे मला त्या बंद दिवसात, स्वेटरवर स्वेटर घालून, फोनवर वाचत बसल्यावर समजलं. आणि हेही की अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्येच सांगून टाकलंय की अख्ख्या तुकड्याचं पोर्क आतून १४५ फॅरनहाइट, म्हणजे ६३ सेल्सियस झालं आणि तीन मिनिटं तसंच ठेवलं की पुरे. त्याआधी १६० होतं. मी तर १६० च्याही कुठे पुढे जात होते देव जाणे.

दुसरी चूक, मी मसाला लावून दोन-दोन दिवस ठेवायचे, मुरतंय म्हणून. एवढ्या व्हिनेगरमध्ये इतका वेळ ठेवलं की वरचा थर पिठूळ होतो आणि आतलं आहे तसंच राहतं. आत जातं ते मीठ. आता मी आदल्या रात्री नुसतं मीठ चोळते, किलोला साधारण दोन छोटे चमचे, आणि मसाला सकाळी लावते, तीन-चार तास बस. चॉपही जाड घेते, इंचभर, हाडासकट. ते स्वस्तातले पातळ पॅक मिळतात ना, त्यांचा बाहेरून रंग येईपर्यंत आतून कारभार आटोपलेला असतो.

त्या दिवशी मात्र रात्रीचं मीठ वगैरे काही नव्हतं, सकाळी मीठ, दुपारी मसाला, संध्याकाळी बिडाचा तवा कडक तापवला आणि मसाल्यानं माखलेला चॉप तसाच वर टाकला. साखर जळली, मिरची जळली, व्हिनेगरचा भपका, चौघांना एकदम ठसका आणि वर स्मोक अलार्म. खिडकी उघडायची तर बाहेर उणे तीस! नवऱ्याने खिडकी उघडली, पोरं किंचाळली, त्याने बंद केली, अलार्म पुन्हा, शेवटी तो खुर्चीवर उभा राहून टॉवेलने वारा घालत होता आणि मी खाली चॉप उलटत होते.

मग डोकं लावलं. उरलेल्या पाचांचा मसाला बोटांनी निपटून वाटीत काढला, टिश्यूने कोरडे केले. कडेच्या चरबीला दोन-तीन चिरा दिल्या, नाहीतर चॉप वाटीसारखा वळतो. आधी कडेवर उभे धरून चरबी सुटू दिली, मग त्याच चरबीत दोन्ही बाजूंनी लाल केले, थर्मामीटर १३५ दाखवायला लागल्यावर ताटात काढले. तव्यात उभा चिरलेला कांदा, वर तो वाटीतला मसाला, थोडं पाणी, आणि चांगलं उकळून तेल सुटेपर्यंत परतलं. यात कंटाळा करायचा नाही, तो मसाला कच्च्या मासाला लागलेला असतो. मग चॉप्स परत आत, १४५ आले की गॅस बंद, झाकण.

कापल्यावर आत अगदी पुसटसा गुलाबी. आणि रस!

मी हौसेने व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी कॅमेऱ्यात डोळे घालून बघितलं आणि म्हणाल्या, "मास कच्चें आसा गो तें." मी म्हटलं मम्मी, सरकार म्हणतंय चालतं. त्यांचं म्हणणं, सरकारला काय कळतं. त्यांच्या पिढीचं खरं तर बरोबरच आहे, डुकराच्या मासातून जंत होतात म्हणून पूर्वी सगळीकडेच ते पार मरेस्तोवर शिजवायचे, आणि गावठी डुकराला मीही आजसुद्धा तेच करीन. धाकटा तेवढ्यात त्याच्या बिनमसाल्याच्या चॉपवर सफरचंदाचं सॉस ओतत होता, शाळेतून शिकून आलेला प्रकार, ते बघून मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसता क्रॉस केला.

पोई, म्हणजे गोव्याचा पाव, इथे कुठून आणणार, सियाबाटा या इटालियन पावाचे तुकडे रश्शात बुडवले, आणि दुसऱ्या घासानंतर भातच हवा म्हणून कुकर लावला. थोरली हाडं चोखत बसली होती. पहिला जळका चॉप कुणी घेतला नव्हता, तो रात्री अकरा वाजता नवऱ्याने फ्रीजसमोर उभं राहून थंडच खाल्ला.

आता दर हिवाळ्यात चार-पाच वेळा होतात. तवा तापायला ठेवला की धाकटा न सांगता टॉवेल घेऊन अलार्मखाली जाऊन उभा राहतो.