'सा'पासून सुरू होणारी गाणी

आज संध्याकाळी टोकियोत ऑफिसमधल्या सहकाऱ्यांबरोबर कराओकेला गेले होते. गाणे शोधायच्या टॅब्लेटवर सहज 'सा' दाबले, तर 'साकुरा' (म्हणजे चेरीची फुले) नावाच्या गाण्यांची रांगच लागली. गायक नाओतारो मोरियामांचे २००३ चे, कोबुकुरो या जोडीचे २००५ चे, इकिमोनोगाकारी या बँडचे २००६ चे. एकाचे नाव हिरागाना या जपानी उच्चारलिपीत, दुसऱ्याचे एकाच चित्राक्षरात, तिसऱ्याचे चक्क रोमन लिपीत, पण यादी उच्चारानुसार लावलेली असल्यामुळे सगळी शेजारी शेजारी. मार्चमध्ये शाळा-कॉलेजांचे निरोप समारंभ आणि चेरीचा बहर जवळपास एकाच वेळी येतात, त्यामुळे या नावाची बरीच गाणी ताटातुटीची असतात.

मला मात्र गंमत वाटली ती जपानी अक्षरांच्या क्रमाची. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा ही जवळजवळ आपलीच वर्णमाला आहे, कारण बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोहोचलेल्या संस्कृत वर्णक्रमाचा तिच्यावर ठसा आहे. 'च'च्या जागी 'सा' कसा, तर त्याचा जुना उच्चार 'च'च्या जवळचा होता, असे अभ्यासक मानतात. 'हा'सुद्धा मुळात 'पा' होता.

हे समजावून सांगण्याच्या नादात माझी पाळी दोनदा हुकली. शेवटी मोरियामांचे 'साकुरा' म्हणायला घेतले आणि वरच्या सुरांत आवाज फाटला, तेव्हा शेजारच्या सहकारी बाईंनी काही न बोलता पट्टी दोन पायऱ्या खाली आणली.