तणमोराच्या मागावर

अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोर या गवतात राहणाऱ्या पक्ष्याचा विणीचा हंगाम पावसाबरोबर सुरू होतो, त्यामुळे आमचे मोजणीचे कामही चिखलातच चालते. पहाटे उजाडण्यापूर्वी गवताच्या कडेला ठरलेल्या जागी जाऊन बसायचे आणि नर उडी मारतो का, याकडे दुर्बिणीतून लक्ष ठेवायचे. विणीच्या काळात नर मादीला आकर्षित करण्यासाठी गवतावर उंच उसळतो, दिवसातून शेकडो वेळा. ढगाळ हवेत तर दुपारीही. मादी मात्र गवतात अशी दडून राहते की ती जवळपास दिसतच नाही, म्हणून मोजणी मुख्यतः उड्या मारणाऱ्या नरांचीच होते आणि हाती येणारा आकडा अपुराच राहतो, हे नोंदवहीत स्पष्ट लिहावे लागते.

काळी माती बुटांना इतकी चिकटते की शेवटी अनवाणी चालणे सोयीचे वाटते. कोणत्या माळावर पक्षी उतरेल, याचा अंदाज आमच्या नकाशांपेक्षा सोबतच्या फासेपारधी सहकाऱ्यांनाच अधिक अचूक असतो. दुपारी जेवण, नोंदी उतरवणे, ओले कपडे वाळवण्याचा निष्फळ प्रयत्न. सायंकाळी चारनंतर पुन्हा माळ. गवत कापणी लवकर झाली, तर अंडी व पिले धोक्यात येतात; म्हणून शेतकऱ्यांशी बोलणे हाही आमच्या कामाचा भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा.