भिंतीला दोन भोकं

शनिवार, रात्री

आज अखेर करवत चालवली, भिंतीत बसवायच्या नव्या स्पीकरांसाठी. त्याआधी अर्धा तास हातात पेन्सिल घेऊन भिंतीसमोर नुसती उभी होते. हा दोनदा येऊन बघून गेला, काही बोलला नाही. शहाणा आहे.

इतकी वर्षं स्पीकर जमिनीवर उभे होते. जरा पुढे ओढ, जरा आत वळव, परत मागे ढकल, हा माझा आवडता खेळ. प्रत्येक नव्या जागेला जमिनीवर कागदी टेपची खूण केलेली. एका वेळी तर सहा खुणा होत्या आणि कुठली नवी, कुठली जुनी ते मलाच कळेना. चुकलं तर सरकवायचं, एवढा साधा हिशोब होता. भिंतीत कापलेलं भोक मात्र चार बोटं सरकवता येत नाही.

भिंत जिप्सम बोर्डाची आहे, आत लोखंडी चॅनल उभे, मधे पोकळी. म्हणून तर हे सुचलं. विटांच्या भिंतीत छिन्नी घेऊन बसायची माझी तयारी नव्हती. चॅनल शोधायला लेकीचं खेळण्यातलं लोहचुंबक भिंतीवरून फिरवलं. रंगाखालच्या स्क्रूवर ते बरोबर चिकटतं, आणि एकाखाली एक तीन-चार ठिकाणी चिकटलं की चॅनल सापडला समजायचं. साठ-साठ सेंटिमीटरवर एकेक निघाला. मला दोन स्पीकरमधे २.४ मीटर अंतर हवं होतं आणि डाव्याची जागा नेमकी चॅनलवर आली. डावा पंधरा सेंटिमीटर बाहेर घेतला. जोडी सारखी हवी म्हणून उजवाही तितकाच बाहेर. अंतर झालं २.७ मीटर.

उंचीसाठी सगळ्यांना सोफ्यावर बसवून जमिनीपासून कानापर्यंत टेप लावली. मी ९८, हा १०६, बाबा १०१. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला तार स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीवर असावा, कारण तार स्वर सरळ रेषेत येतात आणि बाजूला झालात की पातळ होतात. शंभर ठरवले.

ठरवलेले शंभर टिकले नाहीत. पूर्ण कापायच्या आधी मधोमध एक बारीक भोक पाडलं, त्यातून काटकोनात वाकवलेली तार आत घालून गोल फिरवली. उजवीकडे तार मोकळी फिरली. डावीकडे खालच्या बाजूला खट्‌कन अडली. विजेची नळी, आडवी. तसंच कापलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करायचा नाही असं ठरवून दिवसभर तोच केला. दोन्ही भोकं नऊ सेंटिमीटर वर नेली, ट्वीटर गेले १०९ वर. या जातीच्या स्पीकरचा ट्वीटर जागच्या जागी थोडा कलवता येतो, तेवढाच आधार.

कापताना आवाज भाकरीच्या वाळक्या पापुद्र्यासारखा कुरकुरीत. केसात, चष्म्यावर, जिभेवर पांढरी पूड. आणि ती वाकवलेली तार शेवटी कुठे गेली कोण जाणे, केरात गेली असावी.

रविवार, दुपारी

वायर ओढून झाल्या. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची, लांबच्या स्पीकरला बारा मीटर. जाऊन-येऊन चोवीस मीटर झाले तरी विरोध ०.१७ ओमच्या आसपास, म्हणजे आठ ओमच्या स्पीकरपुढे दोन टक्के. याहून जाड वायर घेऊन फक्त वाकवायला त्रास झाला असता. दोन्ही वायर एकाच लांबीच्या कापल्या. तशी गरज नव्हती. तारेतल्या विजेला चार मीटरचा फरक म्हणजे काहीच नाही, कानाला तो कळणं शक्य नाही. तरी कापल्या. काही गोष्टी मनाच्या समाधानासाठी असतात, त्यावर वाद घालू नये. विजेच्या नळीपासून मात्र हातभर लांब ठेवल्या आणि जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली. नाहीतर गाण्याखाली विजेची भुणभुण.

पोकळीत रॉकवूल भरलं, आवाज शोषणारी दगडी लोकर. हातमोजे घालूनही मनगटाला खाज सुटलीच.

स्पीकर बसवायची युक्ती छान आहे. चौकटीच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचे कान असतात. पुढून स्क्रू फिरवला की कान बाहेर वळतात आणि बोर्डाला मागून पकडतात. म्हणजे बोर्ड कान आणि चौकट यांच्यामधे आवळला जातो. हाताने आवळायचं हे माहीत होतं. तरी डाव्याच्या एका कोपऱ्यात अर्धा फेरा जास्त दिला आणि कर्रर्र करत केसाएवढी चीर गेली. चौकटीखाली झाकली जाते. मला मात्र ती कुठे आहे ते कायमचं माहीत असणार.

बसवण्याआधी तपासणी केली. मल्टिमीटरवर एक ६.१ ओम, दुसरा ६.२. आठ ओमचा स्पीकर असाच कमी दाखवतो, कारण मीटर फक्त गुंडाळीच्या तारेचा विरोध मोजतं. मग दीड व्होल्टचा सेल वायरच्या अँप्लिफायरकडच्या टोकाला क्षणभर टेकवायचा. धन टोकाला धन लागलं असेल तर शंकू, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, पुढे उडी मारतो, उलट असेल तर आत जातो. डाव्याने ‘ठप्’ करून पुढे उडी मारली. उजव्याच्या वेळी पाठ मोडली होती, जोडणी मीच केली होती, रंग बघूनच केली होती. म्हटलं, कशाला.

रविवार, रात्री

पहिल्यांदा लावलं आणि मी हरखले. आवाज केवढा पसरलेला! भिंतभर, भिंतीबाहेर, माझ्या खांद्यामागेसुद्धा. मी याला म्हटलं, बघ, म्हणत नव्हते?

हा म्हणाला, “खर्ज कुठे गेला?”

मी म्हटलं, नवे आहेत, खुलतील हळूहळू. स्वतःच्या कानांनी हे वाक्य ऐकलं आणि लाज वाटली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी हसले असते.

बाबा सोफ्याच्या मधोमध डोळे मिटून बसले होते. सत्तरी ओलांडल्यापासून त्यांना बारीक तार स्वर ऐकू येत नाहीत. झांज वाजते ते त्यांना आठवणीनेच कळतं. थोड्या वेळाने म्हणाले, “अगं, गातेय ती बाई बसलीय कुठे? इकडूनही येतोय आवाज, तिकडूनही येतोय. समोर कुणीच नाही.”

झालं. एका वाक्यात निदान. एक स्पीकर उलटा जोडला गेला होता. एकाचा शंकू पुढे येत होता तेव्हा दुसऱ्याचा मागे जात होता, आणि मधल्या जागेत खर्ज एकमेकांना खात होते. मी ज्याला पसारा समजून नाचत होते, तो बिघाड होता. खरं तर खर्जावरूनच मला कळायला हवं होतं. मोकळा उभा स्पीकर खर्ज चहूकडे सांडतो. भिंतीत बसवला की मागे जाणारा तोच आवाज पुढे वळतो आणि ६ डेसिबलपर्यंत चढतो. शिवाय माझ्या जुन्या स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर होतं. भिंतीवर आपटून परतणारा आवाज १.२ मीटर जास्त चालून यायचा आणि १४३ हर्ट्‌झच्या आसपास मूळ आवाजाला छेद द्यायचा. आता ते अंतरच उरलं नाही. म्हणजे खर्ज वाढायला हवा होता, आणि तो घटला होता. सगळं गणित येऊनही कान मात्र बाबांचे कामी आले.

स्टिरिओच्या जन्माची गोष्ट अशीच सांगतात. ॲलन ब्लूमलाइन नावाचा इंग्रज इंजिनिअर बायकोबरोबर बोलपट बघायला गेला होता. पडद्यावर माणूस एका बाजूला आणि त्याचा आवाज दुसऱ्या बाजूने, हे त्याला खटकलं. १९३१ च्या डिसेंबरात त्याने पेटंटचा अर्ज केला. त्यालाही खटकलं ते एवढंच: बोलणारा नेमका कुठे आहे?

अँप्लिफायरमागे उजव्याची दोन टोकं अदलाबदल केली. दोन मिनिटांचं काम. परत तेच गाणं लावलं. बाई आल्या, दोन स्पीकरच्या मधोमध, जिथे कोऱ्या भिंतीशिवाय काही नाही, तिथे बसल्या. तानपुरा जमिनीपर्यंत उतरला. बाबांनी डोळे न उघडता मान हलवली.

बुधवार

तीन दिवस एका ठरावीक सुराला उजवीकडून ‘चिर्रर्र’ येत होतं. प्रत्येक गाण्यात नाही, म्हणून जास्त छळवाद. आज फोनवरून २० ते २०० हर्ट्‌झ सरकत जाणारा शुद्ध स्वर लावला. ८७ ला बरोबर चिर्रर्र. स्वर ८७ वर थांबवला आणि दोन्ही तळवे भिंतीवर ठेवून वैद्यासारखी चाचपत निघाले. बोर्ड सगळीकडे थोडा थरथरतो, हे प्रथमच हाताला कळलं. स्पीकर विकत घेतला तेव्हा डबा मिळाला नव्हता. डबा म्हणजे माझी ही भिंत. तिचा प्रत्येक सैल स्क्रू आता वाद्यवृंदात सामील. दोन स्क्रू आवळले, काही फरक नाही.

शेवटी उजवा स्पीकर बाहेर काढला, टॉर्च घातला. चॅनलच्या कडेवर आडवी पडलेली, काटकोनात वाकवलेली तार.

हा इतका हसला की लेक बघायला आली. स्पीकर उघडलाच होता म्हणून आतली उलटी जोडणीही सरळ केली, आणि मग आठवणीने अँप्लिफायरमागची अदलाबदल परत पहिल्यासारखी. या वेळी सेल टेकवून बघितला. ठप्. पुढे.

गुरुवार

पलीकडची बाजू लेकीची अभ्यासाची खोली. हा मुद्दा मला शनिवारीच माहीत होता आणि मी तो डोळ्याआड केला होता. स्पीकर जितका पुढे वाजतो तितकाच त्याचा शंकू पोकळीत मागेही वाजतो, आणि त्या पोकळीची दुसरी भिंत तिच्या टेबलामागे आहे. “आई, मला गाणं ऐकू येतच नाही, नुसतं ढुम् ढुम्,” ती म्हणाली. तिच्या खुर्चीत बसून ऐकलं. खरंच, शब्द एक नाही, तबल्याचा डग्गा तेवढा स्वच्छ. रॉकवूल तार स्वर गिळतं, खर्जापुढे त्याचं काही चालत नाही. मागून बंद पेटी बसवायला हवी होती. ती आधी बसवतात, नंतर भोकातून आत जात नाही. आता तिच्या बाजूने जिप्समचा आणखी एक थर द्यायचा, एवढाच मार्ग दिसतो. थोडाफार फरक पडेल. तोवर तिचा अभ्यास चालू असताना खर्जाची चकती डावीकडे वळवून ठेवायची, असा तह झाला. तहाची कलमं तिने सांगितली, मी सही केली.

शुक्रवार, रात्री

एक घुमणं राहिलं होतं. स्पीकरच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ३.६ मीटर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. त्याला दुप्पट लांबीने भागलं की साधारण ४८ हर्ट्‌झ येतात. त्या सुराला खोलीच गाऊ लागते. ते सगळ्यात जोरात भिंतीलगत ऐकू येतं, आणि आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला.

स्पीकर सरकवायची सोय आता नाही. मी आणि हा दोघांनी मिळून सोफा पुढे ओढला. तीस सेंटिमीटर, ऐकलं. पन्नास, ऐकलं. सत्तरला खोलीत चालायला जागा उरेना. पन्नासवर घुमणं पूर्ण गेलं नाही, पण आवाक्यात आलं. आणि जवळ आल्यामुळे दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण समभुजाकडे झुकला, बाई आणखी नेटक्या बसल्या. सोफ्यामागे आता एक बिनकामाची गल्ली तयार झाली आहे. तिथे काय ठेवायचं यावर घरात दोन मतं आहेत.

स्पीकरवरच्या जाळ्या अजून लावलेल्या नाहीत. त्यांना भिंतीचा रंग द्यायचा आहे, पातळ करून फवाऱ्याने, नाहीतर भोकं बुजतात. झोपायच्या आधी सोफ्याच्या पुढच्या दोन पायांपाशी जमिनीवर कागदी टेपच्या खुणा केल्या. हा म्हणाला, “परत?” म्हटलं, उद्या अजून पाच सेंटिमीटर पुढे बघायचा आहे.