उंबऱ्यावरचा उजेड

नव्या गावात उतरलो की पहिला तासभर मी कॅमेरा पिशवीतच ठेवतो. आधी दारं बघत हिंडतो. उन्हाकडे पाठ असलेलं, समोर मोकळं आकाश आणि आत अंधारी खोली, असं दार सापडलं की स्टुडिओ सापडला. माणसाला उंबऱ्यापासून हातभर आत, बाहेर तोंड करून बसवायचं. समोरून मऊ उजेड येतो आणि पाठीमागचा पसारा काळोखात विरतो.

भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात म्हणून पावलं झाडाखाली वळतात, पण तिथे चेहऱ्यावर कवडसे आणि हिरवट छटा येते. निळी ताडपत्री त्याहून वाईट. एका गालावर निळा, दुसऱ्यावर पांढरा उजेड पडला की व्हाइट बॅलन्सने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगसुधारणेने, दोन्ही एकदम सुधारत नाहीत. अशी जागा सरळ सोडावी.

फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स आणि दीड-दोन मीटर अंतर मला प्रवासात पुरतं. २८ मिमीची रुंद लेन्स घेऊन तोंडाजवळ गेलं की नाक फुगतं. तो दोष लेन्सचा नाही, अंतराचा. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ २.८ ते ४, शटर निदान १/२०० सेकंद. एफ १.४ इतक्या मोठ्या छिद्रावर चेहरा जरा वळलेला असला तरी एक डोळा धूसर होतो. काळोखी पार्श्वभूमी कॅमेऱ्याच्या प्रकाशमापकाला फसवते आणि चेहरा पांढराफटक पडतो, म्हणून एक्स्पोजर उणे ०.७ ते १ स्टॉप, म्हणजे उजेड जवळपास निम्म्यावर. बसलेल्या माणसासमोर मीही खाली बसतो.

परवानगी विचारली की माणूस ताठ होतो. पहिल्या पाच-सहा फ्रेम ओळखपत्रासारख्या येतात, तरी त्या मनापासून घ्याव्यात. अनेकांना घरात लावायला तसाच फोटो हवा असतो. मग त्यांचं अवजार त्यांच्या हाती द्यायचं. अमेरिकन छायाचित्रकार आयर्विंग पेन यांनी १९५०-५१मध्ये पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कष्टकऱ्यांना कामाच्या कपड्यांत, अवजारांसह स्टुडिओत उभं केलं होतं. हातांना ओळखीचं वजन मिळालं की खांदे आपोआप उतरतात.

शेवटची फ्रेम वहीच्या पानाची: नाव, पत्ता, फाइल क्रमांक. त्यामुळे रात्री दोन ठिकाणी प्रती उतरवताना चेहरा आणि पत्ता लागोपाठच राहतात. नाव मी त्यांच्याच हातानं लिहून घेतो. लिहिता येत नसेल तर मी लिहितो आणि मोठ्यानं वाचून दाखवतो, ते मान हलवेपर्यंत.