जुलैत वर चढणारी खोली

रविवारी सकाळी मी एका खोलीची झाडपूस करायला जातो. बायको याला ‘बिनपगारी नोकरी’ म्हणते. घरचा पंखा पुसायचा म्हटलं की माझी कंबर धरते, हेही ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

जुन्या विमानांच्या एका लहानशा संग्रहाचं हे मागचं कोठार. पुढे पोरं विमानाजवळ फोटो काढतात. मागे आम्ही तिघंचौघं सुती हातमोजे घालून फडकी मारतो. मे महिन्यात, नागपुरात, कूलरशिवाय! कूलरच्या ओलाव्यानं अल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. मी कुरकुर केली तेव्हा वायुसेनेतून निवृत्त झालेले आमचे काका म्हणाले, “कूलर तुमाले पाहिजे जी, विमानाले नाही.” वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं, म्हणजे विमानांची देखभाल-दुरुस्ती बघणाऱ्या विभागाचं, मुख्यालय इथंच असल्यामुळे असेल, पण मला या गावात विमान उडवणाऱ्यांपेक्षा नीट करणारेच जास्त भेटले. बोलतात कमी, चहा जास्त पितात.

माझ्या वाट्याला आलंय एक उंचीमापक. काळी तबकडी, तीन काटे: शेकड्याचा, हजाराचा, दहा हजाराचा. हा तिसरा काटा इतका बारका की घाईत वैमानिकांची वाचण्यात चूक व्हायची. त्यातून अपघातही झाले. आकड्यांवर अंधारात चमकणारा, किरणोत्सर्गी रेडियमचा रंग. त्याची चमक कधीच विझली, पण रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात, म्हणून काच उघडायची नाही. वरून पुसायचं, बस.

या यंत्राला उंची कळतच नाही, कळतो तो हवेचा दाब. आत पातळ पत्र्याची, हवा काढून बंद केलेली डबी असते. दाब उतरला की ती फुगते आणि काटा वर सरकतो. खालच्या खिडकीत १०१३ मिलिबार, म्हणजे समुद्रसपाटीवरचा सरासरी दाब, लावून मी त्याला हात लावणं सोडलंय. आता टेबलावर बसल्या बसल्या तो डिसेंबरात हजार फुटांच्या आत असतो आणि जुलैत तेराशेच्या वर जातो. सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजारभर फुटांवर, ती काही हलत नाही. आमची खोली मात्र पावसाळ्यात हवेचा दाब उतरला की तीनशे फूट चढते, दिवाळीनंतर निवांत उतरते.

हे कोणत्या विमानातून निघालं, याची नोंद नाही. मी आपलं ठरवून टाकलंय, रात्रीची डाक नेणाऱ्या डकोटा विमानातलं. १९४९ साली ती सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावात उतरायची, टपालाचे थैले अदलाबदल करायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतायची. सारा देश झोपलेला आणि नागपूर जागं! काकांना माझा हा डकोटा मान्य नाही. “पुरावा दाखवा,” म्हणतात. पुरावा कुठून आणू?

मागच्या रविवारी काटा साडेतेराशेवर गेलेला पाहिला. घरी फोन करून सांगितलं, वाळत घातलेले कपडे आत घे, पाऊस येतो. बायकोनं घेतले. संध्याकाळपर्यंत कडक ऊन पडलं होतं.