हत्ती, वाघ आणि १०९ नंबरची पलटण

इंग्लंडमधल्या लेस्टरला जाणारा आपल्याकडचा माणूस बेलग्रेव्ह रोडवर फाफडा-जिलेबी खातो, आणखी एक किलो बांधून घेतो आणि परत फिरतो. मीही खाल्ली, नाही असं नाही. पण माझं खरं काम गावाच्या दुसऱ्या अंगाला होतं. न्यूआर्क हाउसेस नावाचं संग्रहालय आहे, सोळाव्या शतकातल्या दोन घरांत थाटलेलं. त्याच्या जवळच मॅगझिन नावाची जुनी दगडी वेस आहे. आत रॉयल लेस्टरशायर पलटणीचं दालन आहे आणि त्या पलटणीचा वाघ पाहायला मी आलो होतो. सोबत भाचा. तो तिथेच नोकरी करतो आणि मामाच्या या खुळाला त्याची ना नाही, एवढंच.

खूळ म्हणजे ब्रिटिश पलटणींच्या हेल्मेटवरचे बिल्ले जमवणं. हेल्मेट म्हणजे लढाईतलं लोखंडी टोपडं नव्हे. प्रशियाने फ्रान्सला चारीमुंड्या चीत केल्यावर युरोपभर तिथल्या टोकदार टोपांची चलती झाली, तेव्हा इंग्रजांनीही १८७८ मध्ये आपल्या पायदळाला तसलाच टोप दिला. बुचाच्या लाकडाचा साचा, त्यावर गडद निळं कापड, डोक्यावर पितळी टोक. लाइट इन्फन्ट्रीला, म्हणजे हलक्या पायदळाला, निळ्याऐवजी हिरवं कापड. तोफखान्याच्या टोपाला नंतर टोकाऐवजी गोळा आला. आणि कपाळावर हातभर लांबून दिसेल अशी पितळी प्लेट: आठ टोकांचा तारा, वर मुकुट, आत लॉरेलच्या पानांचा हार आणि मधोमध पलटणीची खूण.

साध्या शिपायाच्या प्लेटमध्ये ही मधली चकती वेगळी असते. तारा सगळ्यांचा सारखा, चकती ज्याची त्याची. त्यामुळे बाजारात नुसत्या चकत्याही मिळतात आणि बेताच्या पगारातला माणूस तिथूनच सुरुवात करतो. जमवणारे तिला एचपीसी, म्हणजे हेल्मेट प्लेट सेंटर, म्हणतात. पूर्ण प्लेट, त्यातून अधिकाऱ्याची, सोन्याचं पाणी दिलेली आणि चांदीच्या खुणेची, ही खिशाला चाट देणारी गोष्ट.

लेस्टरचा वाघ १७ व्या पलटणीला, म्हणजे पुढच्या लेस्टरशायर पलटणीला, १८२५ मध्ये खूण म्हणून मिळाला, १८०४ ते १८२३ अशी सुमारे वीस वर्षं हिंदुस्थानात काढल्याबद्दल. वर ‘हिंदुस्तान’ ही अक्षरं, इंग्रजीत दोनदा ‘ओ’ घालून लांबवलेली. दालनातल्या काचेला नाक लावून मी तो बराच वेळ पाहिला. पट्टे आहेत, शेपूट आहे, चालही ऐटीत आहे, पण तोंड पाहिल्यावर साचा कोरणाऱ्याला खरा वाघ किती वेळा भेटला असेल याची शंका येते. भाचा म्हणाला, "मामा, हा तर शेजारच्या काकूंचा बोका." तसा तो चुकला नव्हता. या वाघावरून पलटणीला ‘टायगर्स’ म्हणत आणि गावातल्या रग्बी क्लबचं नावही तेच आहे. शनिवारी वाघाची जर्सी घालून सामन्याला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हिंदुस्थान आठवत असेल कोण जाणे.

लेस्टरहून बर्मिंगहॅम रेल्वेने तासाभराचा रस्ता. स्नो हिलच्या पुढचंच स्टेशन ज्वेलरी क्वार्टर. सोनार, मुलामावाले, बटणवाले, बिल्लेवाले यांची ही जुनी वस्ती. आल्बियन स्ट्रीटवर जे. डब्ल्यू. इव्हान्स हा चांदीच्या भांड्यांचा कारखाना आहे. तो आता इंग्लिश हेरिटेजकडे आहे आणि मार्गदर्शकाबरोबरच आत जाता येतं. इथे बिल्ले होत नसत, पण पत्र्यावर ठसा उठवायची रीत तीच, म्हणून मी तिकीट काढलं. कारखाना सुरू झाला १८८१ मध्ये. ते साल पुढे परत येणार आहे.

आत शिरताच वास येतो तो तेलाचा आणि जुन्या लोखंडाचा. फळ्यांवर पोलादी साचे छतापर्यंत रचलेले, हजारोंनी. खाली ड्रॉप स्टॅम्प, म्हणजे दोन उभ्या दांड्यांमध्ये वर-खाली सरकणारा जड हातोडा. दोर ओढून तो वर न्यायचा, साच्यावर पत्रा ठेवायचा आणि हातोडा सोडायचा. एका घावात काम होत नाही. पत्रा घावाने कडक होतो, मग तो भट्टीत तापवून मऊ करायचा आणि पुन्हा घाव. नक्षी खोल असेल तर हे अनेकदा. शेवटी कडेचा फाजील पत्रा प्रेसने कापायचा. हे पाहिल्यावर चांगल्या बिल्ल्याची पाठ का पाहायची ते नीट कळतं. ठोकून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या नक्षीचा उलटा ठसा स्वच्छ उमटलेला असतो. ओतीव नकलेची पाठ सपाट किंवा बारीक खड्ड्यांची असते. पण साचे मात्र मरत नाहीत. एखादा जुना साचा कुणाच्या हाती लागला की त्यावर आज नवा पत्रा ठोकता येतो. जमवणारे त्याला रीस्ट्राइक म्हणतात आणि आमच्या जिवाला खरा घोर त्याचाच.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या एका हॉलमध्ये लष्करी जुन्या वस्तूंचा बाजार होता. लांबच लांब टेबलं, हिरवं मखमली कापड, त्यावर बिल्ल्यांच्या रांगा. विकणारे बहुतेक साठीच्या पुढचे, थर्मासमधला चहा पीत बसलेले. गिऱ्हाइकाच्या हातात भिंग दिसलं की त्यांचा सूर बदलतो. मी आधी मुकुट पाहतो. व्हिक्टोरिया राणीचा मुकुट खांद्याला जरा दबलेला, १९०१ नंतरचा राजाचा मुकुट घुमटासारखा फुगीर. आताच्या राजाने तोच ट्यूडर घाटाचा मुकुट परत आणला आहे, त्यामुळे पन्नास वर्षांनी जमवणाऱ्यांची काय तारांबळ उडेल ते त्यांचं ते पाहतील. मग पाठ, मग मागच्या कड्या, त्यांचा सांधा ताजा तर नाही ना, आणि शेवटी उंचवट्यांची झीज. शिपायाने रोज घासलेल्या पितळेवर नाक, गुडघे, अक्षरांच्या कडा झिजतात. खोलगट भागही तितकाच गुळगुळीत असेल तर माल संशयाचा. नामांकित कारखान्याचा शिक्का दिसला म्हणून भुलू नये, नकलेवर शिक्काही नकली मारता येतो.

एका टेबलावर हायलँड लाइट इन्फन्ट्रीचा बिल्ला होता. या पलटणीने हेल्मेट कधी घातलंच नाही, तिचा शाको, म्हणजे पुढे झापडीची उंच टोपी. तारा, मध्ये बिगूल आणि तळाशी नखाएवढा हत्ती, त्याच्यापाशी फितीवर ‘असाये’. म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला गाठलं. ७४ वी पलटण, जी पुढे या हायलँड लाइट इन्फन्ट्रीत आली, त्या दिवशी जवळजवळ कापली गेली आणि तिला हा हत्ती मिळाला. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले, याची नोंद इंग्रजांनीच केली आहे. त्यांच्यासाठी कुणी साचा कोरला नाही. विकणाऱ्या आजोबांना मी ते गाव कुठे आहे ते सांगितलं, तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि तिथे आता काय आहे, असं विचारलं. शेती, मी म्हणालो. कापूस, मका.

बिल्ला घेतला. पण मी शोधत होतो ते निराळंच. १८७८ मध्ये टोप आला तेव्हा प्लेटवर पलटणीचा नंबर असे. १८८१ मध्ये चिल्डर्स या युद्धमंत्र्याने नंबर काढून दोन-दोन पलटणींच्या जोड्या लावल्या आणि परगण्यांची नावं दिली. त्यात आपल्याकडच्या तीन पलटणींची नावं गेली. कंपनी सरकारच्या मुंबईतल्या गोऱ्या पलटणींना १८६२ मध्ये राणीच्या फौजेत १०३, १०६ आणि १०९ असे नंबर मिळाले होते. १०३ वी म्हणजे १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांविरुद्ध लढलेली जुनी बॉम्बे युरोपियन. ती डब्लिन फ्यूजिलिअर्समध्ये गेली. तिथे निदान बिल्ल्यावरच्या पेटत्या गोळ्यावर वाघ आणि हत्ती राहिले. १०६ वी डरहॅम लाइट इन्फन्ट्रीच्या बिगुलात विरघळली. १०९ वी, जिने १८५८ मध्ये ह्यू रोजच्या हाताखाली झाशीच्या तटाला शिड्या लावल्या, तिची जोडी लावली कॅनडात उभारलेल्या पलटणीशी आणि नाव पडलं लेन्स्टर. त्या बिल्ल्यावर युवराजाची तीन पिसं आहेत. झाशी नाही, मुंबई नाही.

म्हणून नंबरची प्लेट हवी, जी जेमतेम तीन वर्षं चालली. शेवटच्या रांगेत एकाकडे १०० च्या पुढचे नंबर असलेला ट्रे होता. त्यात १०९ नव्हता. "मागच्या वर्षी एक गेला," तो म्हणाला, "अधिकाऱ्याचा." किंमत त्याने आपणहून सांगितली. भाच्याने मनातल्या मनात रुपये केले आणि माझ्याकडे पाहिलं. "मामा, यात माझी पुण्याची दोन तिकिटं येतात."

मी त्या माणसाला माझा फोन नंबर लिहून दिला.